बाबांच्या भाटातून दुसरा रूळ

माझ्या हातून काय घडलं ते ऐकलंत, तर विचाराल की हिला ड्राफ्ट्समनचा डिप्लोमा दिला कोणी? विचारा. मीही तेच विचारते.

नवऱ्याने दुबईहून सईसाठी छोटी रेल्वे पाठवली. सई चार वर्षांची. मी काय रूळ नुसते जोडून देणार? गाडी टेबलावरून पडली तर, बोट अडकलं तर, चाक गिळलं तर? म्हणून आधी कॉम्प्युटरवर आखणी करायला बसले. वळणं ऐसपैस, कडेपासून वीतभर आत.

"स्टेशन आपलं पेडण्याचं कर," सई म्हणाली. केलं. बाजूला एक हिरवा तुकडा काढला आणि कौतुकाने त्यावर लिहिलं, 'बाबांचं भाट'. बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांची काजूची बाग, आमच्याकडे भाट म्हणतात, रेल्वे आली तेव्हा निम्मी गेली. उरलेल्या निम्म्यात ते रोज सकाळी जाऊन नुसते बसतात.

खोक्यात इंजिनं निघाली दोन. समोरासमोर आपटली तर? म्हणून मी दुसरा रूळ आखला. तो नेमका हिरव्या तुकड्यातून गेला. म्हापशाहून मोठ्या कागदावर छापून आणला, भिंतीला लावला आणि सईला न्हाऊ घालायला गेले.

बाहेर येते तर कागद नाही, बाबाही नाहीत.

शेजारची शेवंतीवयनी कुंपणाशी उभी. "गो, बाबा देवळात गेले. वाड्यातसून दुसरो रूळ येता म्हणतत. आमचा घर तरी रवतला मा?"

"कसला रूळ, वयनी?"

"माका काय विचारतंस? नकाशो तूच काढलंस ना?"

ओल्या केसांच्या सईला काखोटीला मारून धावले. देवळात निम्मा वाडा जमलेला. गुरव गाऱ्हाणं घालत होता, "बा देवा म्हाराजा, ह्या घरची सून रुळाचो नकाशो काढता, तिका बरी बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सवयीने हात जोडून मीही म्हणाले.

मग खुलासा केला. सगळे पोट धरून हसले, आपापल्या घरी गेले. बाबा तेवढे हसले नाहीत.

घरी येऊन ते कॉम्प्युटरसमोर बसले. "खेळण्यातलोच मा? मग भाट सोडून घे."

घेते की, त्यात काय! रूळ बाहेर ओढला, तर टेबलाच्या पलीकडे गेला. आत ओढला, तर वळण इतकं आवळलं की सॉफ्टवेअरने ते लाल करून दाखवलं. पुन्हा ओढला, पुन्हा लाल. शेवटी मी डिप्लोमावाल्या आवाजात सांगून टाकलं, "बाबा, वळण बसत नाही. थोडं भाट जाणारच."

बाबांनी त्या लाल रेघेवर बोट ठेवलं.

"तेव्हा इलेलो रेल्वेचो सायबय ह्याच बोललो," ते म्हणाले. "पण तो आमच्या घरचो नव्हतो."