वाजवून घेतलेली नाव

परमेश्वराने ही सृष्टी निर्माण केली तेव्हा आमचे घरमालक जवळपास असते, तर त्यांनी ती बोटाच्या पेराने वाजवून पाहिली असती आणि दोन-तीन पर्वत बदलून मागितले असते. कळमनुरी तालुक्यातील त्यांच्या गावी मी विज्ञानशिक्षक म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत राहू लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी लोखंडी ट्रंक वाजवली, माठ वाजवला, आणि नमस्कारासाठी मी वाकलो तेव्हा आता पाळी माझ्या मस्तकाची, अशी भीती मला क्षणभर वाटून गेली. मडके वाजवून घ्यावे हा आपल्याकडचा सर्वमान्य नियम आहे. खणखणीत आवाज आला तर मडके पक्के, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे असे समजावे. आपण सामान्य माणसे हा नियम कुंभाराच्या दारातच सोडून येतो. घरमालक तो घेऊन जगभर हिंडत. ते कलिंगड वाजवीत, नारळ वाजवीत, बसण्यापूर्वी एसटीचा पत्रा वाजवीत. एकदा खोकल्यासाठी त्यांना दवाखान्यात नेले असता डॉक्टरांनी त्यांच्या छातीवर बोटे ठेवून ठोकून पाहिले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच पूर्ण समाधान पाहिले. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "हा माणूस बराबर शिकलेला हाय."

जे वाजत नसे त्याच्याकडे ते डोळे बारीक करून पाहत. गवळी त्यांच्यासमोर दूध काढून देई, तेव्हा त्यांचा संशय गवळ्यावरून उठून म्हशीवर जाऊन बसे. हिंगोली जिल्हा नवा झाला त्या दिवशी गावात पेढे वाटले गेले. घरमालकांनी आपला पेढा मधोमध फोडला, आतून न्याहाळला आणि मला बाजूला घेऊन विचारले, "मास्तर, जिल्हा देला म्हन्तेत. पन काहून देला, ते कोन्ही सांगून न्हाई राहिलं." त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या घरमालकीणबाई, ओसरीवर तुरी निवडत होत्या. त्यांनी सूप न थांबवता विचारले, "अन् मला करून आनलं, तवा काय वाजवलं व्हतं?" घरमालक गंभीरपणे उत्तरले, "तुजा बाप खोकला व्हता. तवाच समजलं, घरानं भरीव हाय."

या स्वभावाची किंमत मात्र त्यांनी मोजली होती, आणि ती फार जबर होती. त्यांना एकुलती एक धाकटी बहीण होती. ती पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात दिलेली. धरण होण्यापूर्वी दोन्ही गावांमध्ये नदीचे पात्र तेवढे होते, आणि दर दिवाळीला घरमालक बैलगाडी घेऊन मुराळी म्हणून जात व बहिणीला माहेरी आणीत. मुराळ्याशिवाय सासुरवाशिणीला पाठवू नये, हा त्या घराचा कडक रिवाज. पुढे या बहिणीच्या मुलीचे लग्न निघाले. मामा म्हणून घरमालकांना भर मंडपात तांब्याच्या घागरीचा आहेर झाला. दुसऱ्या कोणीही ती घागर कपाळाला लावून खाली ठेवली असती. घरमालकांनी ती कानाजवळ धरली, बुडापासून गळ्यापर्यंत वाजवली आणि सगळे वऱ्हाडी ऐकतील अशा आवाजात निर्णय दिला, "दाजी, या घागरीला डाग हाय." डाग म्हणजे भोक बुजवण्यासाठी भांड्याला दिलेले कथलाचे ठिगळ. मला पुढे समजले की डाग खरोखरच होता. दुर्दैव असे की, निदान अचूक असल्यामुळे अपमानही पुरेपूर झाला. दाजींनी त्या वेळी लग्न निभावून नेले आणि निरोपाच्या वेळी एवढेच सांगितले, "मामा, आता बहीण न्याची असंल तं पाण्यावरून या. रस्त्यानं आले तं दार बंद दिसंल." तोवर धरणाचे पाणी फुगून दोन गावांमध्ये पसरले होते. 'कधीच येऊ नका' हे सभ्यपणे सांगण्याची ती वऱ्हाडी रीत होती. त्यानंतर कित्येक दिवाळ्या आल्या, पण बहीण आली नाही. ती घागर मात्र घरात राहिली. घरमालकीणबाई रोज तिच्यातच पाणी भरीत. मी स्वतः अनेकदा पाहिले आहे, घागरीखालची फरशी नेहमी कोरडी असे.

पाण्यावरून जायचे तर जलाशयात मासे धरणाऱ्यांचे तराफे होते. घरमालक एकदा काठावर गेलेही. तो तराफा थर्माकोलचा निघाला. त्यांनी तो वाजवला, पुन्हा वाजवला, आणि हात झटकून परतले. "जे वाजतच न्हाई, तेचा भरवसा काय?" हा त्यांचा प्रश्न तर्कदृष्ट्या निरुत्तर करणारा होता. अशा मनःस्थितीत त्यांना ती फायबरची नाव दिसली. मासेमारीच्या एका जुन्या ठेकेदाराने ती काठावरच्या बाभळीखाली टाकून दिली होती. तिच्यात पावसाचे पाणी साचले होते आणि एका कोपऱ्यात चक्क बेशरमाचे झुडूप उगवले होते. घरमालकांनी ती नाकापासून शेपटापर्यंत वाजवली. बाजू टणत्कारल्या; तळ आणि मागची फळी बद्द बोलली. बद्द आवाज येऊनही त्यांनी विकत घेतलेली ही पहिली आणि अखेरची वस्तू. मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, हिनं लपवलं न्हाई. वाजवल्याबराबर सांगितलं, आत सडून राहिलं म्हून."

वाचकांच्या सोयीसाठी येथे थोडे स्पष्टीकरण करतो. फायबरची नाव कुजत नाही हे विधान अर्धेच खरे आहे. काचेच्या धाग्यांचे कापड आणि रेझिन नावाचे चिकट रसायन यांचे थर एकावर एक बसवले की दगडासारखे कवच तयार होते. ते कुजत नाही. पण त्याला ताठ ठेवण्यासाठी आत लाकडी दांडे आणि मागे जाड फळी बसवून त्यांवरही तेच थर चढवलेले असतात. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरले की ते बाहेर पडत नाही, आणि वरून नाव तुळतुळीत दिसत असताना आतले लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे होते. घरमालकांनी अंगणात तळ कापून उघडला, तेव्हा आतून जे निघाले ते त्यांनी घमेल्याने उपसून उकिरड्यावर नेले. त्या कामाची बारीक धूळ वाऱ्याबरोबर गल्लीत पसरली आणि आठवडाभर आमची सगळी आळी अंग खाजवीत होती. कोणी तरी खाजकुयली टाकली, असा बोभाटा झाला. पोलीस पाटील चौकशीला आले, तेही मान खाजवीतच.

नावेने गावालाही संशयाची बाधा झाली. जिथे प्यायच्या पाण्यासाठी उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे एक माणूस अंगणात नाव बांधतो, याचा सरळ अर्थ लावणारा एकही मनुष्य त्या गावात नव्हता. कोणी म्हणे, पाण्यात बुडालेल्या जुन्या देवळाखाली धन आहे. कोणी म्हणे, वाळूचा धंदा. बहिणीची गोष्ट घरमालक कोणाला सांगत नसत. ती मला घरमालकीणबाईंनी सांगितली होती. पोलीस पाटलांनी सरळच विचारले, "काका, नाव कहाला?" घरमालकांनी उलट विचारले, "तुमाला कोन धाडलं?" दोघांचा चहा झाला, आणि दोघांनीही काही कळू न देता निरोप घेतला. इतकेच काय, मी एकदा पैनगंगेपलीकडे पुसदला परीक्षेच्या कामासाठी जाऊन आलो, तर चार दिवस घरमालक माझ्याशी तुटक बोलत होते. मी पलीकडच्या पार्टीला फितूर झालो असेन, अशी त्यांना शंका होती.

दुरुस्तीच्या सामानाची त्यांनी घेतलेली परीक्षा आमच्या बोर्डालाही लाजवणारी होती. नांदेडहून आणलेल्या प्लायवुडचा तुकडा त्यांनी घरमालकीणबाईंच्या पुरणाच्या पातेल्यात दिवसभर उकळला. 'पाण्याने सुटणार नाही' असे दुकानदाराने सांगितले होते. संध्याकाळी त्याचे पापड सुटून पाण्यावर तरंगू लागले. "प्या आता काढा," घरमालकीणबाई म्हणाल्या, "संशेवाचा खोकला जाईल." प्लायवुड परत गेले. रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर किती घालावा, याबद्दल दुकानदाराने सांगितलेले प्रमाण त्यांना संशयास्पदरीत्या कमी वाटले. त्यांनी ते वाढवले. वैशाखातल्या उन्हात ते मिश्रण बादलीत धुमसू लागले आणि पाहता पाहता ढवळण्याच्या काठीसह दगड झाले. उष्णतेने रासायनिक क्रिया वेगाने होते, हे मी त्या बादलीच्या साहाय्याने नववीच्या वर्गाला पुढे कित्येक वर्षे शिकवले.

अखेरीस त्यांनी परक्या मालाचा नादच सोडला. घरच्या शेतातल्या सागाचे दांडे आणि मागची फळी गावच्या सुताराकडून घडवून घेतली, आणि बसवण्यापूर्वी आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना घरच्या करडईचे तेल पाजले. गाडीचे जू असो, तिफण असो की दाराची चौकट, तेल पाजल्याशिवाय लाकूड वापरू नये, हे आमच्याकडे तान्ह्या लेकरालाही ठाऊक असते. त्यावर फायबरचे थर चढले. नाव देखणी दिसू लागली. आठवड्याने घरमालकांनी ती वाजवली आणि त्यांचा चेहरा उतरला. दांडा न् दांडा बद्द बोलत होता. मी पटाशीचे टोक घातले, तर थर सुक्या सालीसारखा अखंड उचलला गेला. तेल प्यायलेल्या लाकडाला रेझिन धरत नाही. हे सांगताना मला फार जड गेले, कारण त्या साऱ्या उद्योगात त्यांनी ज्याच्यावर मुळीच संशय घेतला नव्हता, अशी ती एकच गोष्ट होती.

ते नावेच्या काठावर बसून राहिले. घरमालकीणबाईंनी घागरीतून तांब्याभर पाणी आणून दिले. ते पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "मास्तर, दुकानदार वाजवला, जिल्हा वाजवला, दाजीला भर मांडवात वाजवलं. घरचं मडकं तेवढं वाजवायचं राहिलं." मग उठून त्यांनी रिकामा तांब्या घागरीवर नेऊन ठेवला आणि खालची कोरडी फरशी हाताने चाचपली.

त्यांनी सर्व थर पुन्हा काढले, दांडे बदलले, कोरे सागवान वापरले. मागच्या फळीच्या एका कोपऱ्यात मात्र तेल खोलवर मुरले होते. तो भाग कापून तिथे ठिगळ द्यावे लागले. मी त्यावर रंग द्या असे सुचवले. "न्हाई," ते म्हणाले, "दिसू द्या."

दिवाळीच्या आदल्या दिवशी दाजींकडे निरोप गेला आणि भाऊबीजेला सकाळी आम्ही निघालो: वल्ही मारायला एक जाणता मच्छीमार, डोक्याला पटका बांधलेले मुराळी घरमालक, आणि दाजींचा मान राखणारा कोणी लिहिता-वाचता माणूस बरोबर असावा म्हणून मी. घरमालकांना पाण्याची विलक्षण भीती होती, हे मला मध्यावर गेल्यावर कळले. त्यांनी नावेचे दोन्ही काठ घट्ट धरले होते आणि हात अडकल्यामुळे, मी त्यांना ओळखू लागल्यापासून प्रथमच, ते काहीही वाजवीत नव्हते.

पलीकडच्या काठावर अर्धे गाव उभे होते. पुढे दाजी, हातात काठी. मागे बहीण, केस पांढरे झालेले, हातात पिशवी. म्हणजे तिची तयारी होती. मोडता फक्त एका माणसाचा होता. दाजींनी रामराम घातला नाही. ते नावेपाशी आले आणि काठीच्या मुठीने तिला वाजवू लागले. नाकापासून शेपटापर्यंत, सावकाश, कान देऊन. घरमालक तोंडी परीक्षेला उभ्या असलेल्या विद्यार्थ्यासारखे हात बांधून पाण्यात उभे होते. मागच्या कोपऱ्यापाशी काठी थांबली. पुन्हा वाजली.

"मामा," दाजी मोठ्याने म्हणाले, "इथं डाग हाये."

"हाय," घरमालक तितक्याच मोठ्याने म्हणाले. "म्याच देला. माजी चूक झाली व्हती."

"गळते काय?"

"न्हाई गळत."

"मंग आमची घागर तरी कोठं गळत होती?"

घरमालक म्हणाले, "न्हाई दाजी. थेंब न्हाई. रोज तिच्यातलंच पानी पितो."

दाजींनी काठी बगलेत धरली आणि मागे वळून म्हटले, "चाल वं, बस. तुह्या भावानं वाजवूनच आणली असंल." बहीण मात्र तोवर लुगड्याचा ओचा सावरून नावेत जाऊन बसली होती. तिने कशालाही हात लावून पाहिला नव्हता. "दादा," ती म्हणाली, "उभा काहून राहिला? घरी वहिनी वाट पाहत असंल."

पुढे माझी बदली झाली. पुष्कळ वर्षांनी त्या बाजूला गेलो तेव्हा बहीण एसटीनेच ये-जा करीत होती; दार केव्हाच उघडे झाले होते. नाव अंगणातल्या कडुलिंबाखाली पालथी होती आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालीत होत्या. घरमालक थकले होते आणि त्यांना ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. बोटाची सवय तेवढी राहिली होती. माझ्यादेखत त्यांनी नावेच्या मागच्या कोपऱ्यावर पेर आपटले, वाट पाहिली, आणि माझ्या तोंडाकडे पाहत विचारले, "मास्तर, कसा आला आवाज?"

आवाज बद्द आला होता. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "खणखणीत."

त्यांनी जुन्या सवयीने डोळे बारीक करून मला नीट न्याहाळले. मग मान डोलावली, आणि पुन्हा न वाजवता, माझा हात धरून मला घागरीचे पाणी पाजायला आत घेऊन गेले.