बंद रेडिओवरचं हवामान

मी चौतीस वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. वर्गात कुणी भुताखेताचं नाव काढलं की त्याला फळ्यापाशी उभं करायचो आणि म्हणायचो, "पुरावा दाखव." पोरं मागून मला 'पुरावे सर' म्हणायची. ते मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. तेव्हा या सदरात माझा अनुभव वाचून माझे काही जुने विद्यार्थी पोट धरून हसतील... हसू देत. पुरावा माझ्याजवळ आहे. सत्त्याहत्तर सालचं एक कॅलेंडर आहे, त्यात मे महिन्याचं पान आहे आणि पेन्सिलीचं अक्षर माझंच आहे. फक्त तो कशाचा पुरावा आहे, ते मला आजवर सांगता आलेलं नाही.

आम्ही नागपूरचे, तांडापेठेतले. घर विणकरांचं. वडील गेल्यावर माग मोडला, पण माय शेजारच्यांसाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरून द्यायची. तिला गल्लीत मान होता तो मात्र दुसऱ्याच कारणानं. आमच्यात उभ्या धाग्यांना खळ लावायची ती बाहेर गल्लीत, उजाडताना, धागे लांबच लांब ताणून. मध्येच वारा सुटला की ओले धागे एकमेकांना चिकटतात आणि दोन दिवसांचं काम मातीत जातं. म्हणून आधी कुणीतरी माझ्या मायला विचारायला यायचं. ती एक धागा ओला करून बोटावर धरायची, डोळे मिटायची आणि 'काढा' किंवा 'आज नको' म्हणायची. 'आज नको' म्हटलं तर कुणीही ताणा, म्हणजे ते उभे धागे, बाहेर आणत नसे. मला याचं कधी नवल वाटलं नाही. रोज वारा बघणाऱ्या माणसाला वारा कळतो, त्यात काय मोठंसं.

माझा धाकटा भाऊ गुणवंत माझ्याहून दहा वर्षांनी लहान. वडिलांच्या मागे मीच त्याला वाढवला म्हणा ना. तो आणि त्याचा मित्र दामू, दर रविवारी सायकली घेऊन कन्हानला जायचे. नदीत पोहायचं, ढीवरांची, म्हणजे मासेमारांची, डोंगी मागून वल्हवायची, आणि वारा फिरला की काठाला यायचं. पुढे नदी पुरेनाशी झाली आणि दोघं पहाडाच्या नादी लागले. पचमढी झाली, मग हिमालयात कोर्स झाला, आणि त्या उन्हाळ्यात कुमाऊँतल्या एका शिखरावर जाणाऱ्या आठ जणांच्या मोहिमेत दोघांची नावं लागली.

माय म्हणाली, "नाही." गुणवंतानं जेवण सोडलं तरी नाहीच.

तिला राजी केलं ते मी.

मोहिमांसाठी रेडिओवर खास हवामान सांगायचे. मोहिमेचं नाव घेऊन, आधी इंग्रजीत, मग हिंदीत... बर्फ पडेल की नाही, वारा कुठून, किती जोराचा. वर तंबूत ट्रान्झिस्टर लावून ते ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी चढायचं की थांबायचं ते ठरवायचं. मी मायला सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, "माय, तू गल्लीसाठी जे करते ना, तेच हे. फक्त यांच्याजवळ यंत्रं आहेत. सायन्स आहे."

तिनं चरखा थांबवला. मग म्हणाली, "रोज सांगतेत?"

"रोज."

"मंग तूही रोज लिहून ठेव. तो आला का विचारीन त्याले, रेडिओ खरं बोलला का खोटं."

असं ते सुरू झालं. मे महिना. बाहेर पंचेचाळीस डिग्री, दारावर ओलं पोतं लटकवलेलं, बायको मुलांना घेऊन कामठीला माहेरी गेलेली. घरात मी आणि माय, दोघंच. दिवेलागणीनंतर आमचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ लावायचा, खरखरीतून दिल्लीचा आवाज शोधायचा. घामानं चिंब होऊन आम्ही बर्फाच्या बातम्या ऐकायचो, याचं तेव्हा हसू यायचं. माय चरखा थांबवून ऐकायची. हिंदी तिला समजे. संपलं की म्हणायची, "लिही गा." मी कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहायचो.

मला आधी वाटलं ती वारा ऐकते. नंतर लक्षात आलं, त्या पाच मिनिटांत गुणवंतही तेच ऐकत असतो... तेवढ्यासाठी ती बसते. मीही तेवढ्यासाठीच बसायला लागलो होतो.

अकराव्या दिवशी रेडिओनं सांगितलं, उद्या हवा चांगली, वारा हलका. मी खूश झालो. माय म्हणाली, "मले नाही वाटत असं."

"इथून तुले तिथला वारा कसा कळणार माय?" मी हसून म्हटलं.

"ते बी खरंच आहे," ती म्हणाली आणि चरख्याकडे वळली.

नंतरचे तीन दिवस रेडिओवर बर्फ आणि वारा, वारा आणि बर्फ. चौथ्या दिवशी दुपारी तार आली. माय आत आडवी झाली होती. दारातच सही करून मी ती वाचली. गुणवंत बेपत्ता. वादळ. शोध थांबून थांबून चालू.

बेपत्ता म्हणजे गेला असं नव्हे, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. पक्कं कळल्याशिवाय मायला सांगायचं नाही असं ठरवलं. पण रेडिओचं काय करायचं? बातम्यांत सांगितलं तर? मी रेडिओचं मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं, आतला एक काचेचा व्हॉल्व्ह उपसला, रुमालात गुंडाळून पँटच्या खिशात टाकला आणि झाकण पुन्हा लावलं. माय उठल्यावर सांगितलं, रेडिओ बिघडला, दुरुस्तीवाला गावाला गेलाय. त्या दिवशी मला घास गिळवला नाही. उन्हानं पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

दिवेलागण झाली. माय नेहमीसारखी येऊन रेडिओसमोर बसली.

"माय, बंद आहे ना तो."

"बसू दे मले."

बसली. चरखा थांबलेला. मी भिंतीला टेकून बसलो, हात खिशावर ठेवून. पाचेक मिनिटं गेली असतील. मग ती म्हणाली, "लिही गा. बर्फ पडूनच राहिला. वारा वरतून खाली येऊन राहिला. तंबू सोडू नका म्हणे."

अंगावर काटा वगैरे आला नाही. मला राग आला. वाटलं, म्हातारीला भ्रम झाला, आणि तोही नेमका आज. पण वाद घालायचा तर सगळंच बोलावं लागलं असतं. मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिनं सांगितलं, "सकाळून थोडी उघाड पडली, दुपारून पुन्हा झाकलं." तिसऱ्या दिवशी जरा वेळ लागला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. म्हणाली, "आज वाऱ्यात माती आहे. बर्फ पिवळा पडला."

"बर्फ कसा पिवळा पडेल माय?"

"तू लिही."

मी लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. ते आजही तिथं आहे. चौथ्या दिवशी पुन्हा वारा, पण उतरता. दिवसा मी पोस्टात खेपा घालायचो आणि संध्याकाळी तिच्यासमोर पेन्सिल घेऊन बसायचो. खिशातली ती काच मांडीला लागायची.

पाचव्या दिवशी तिला फार वेळ बसावं लागलं नाही. "वारा पडला," ती म्हणाली. "आभाळ मोकळं झालं. उजेड आहे तोवर खाली घेऊन या म्हणे."

"कोणाले, माय?"

ती उठली, चरखा उचलून कोपऱ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती रेडिओपाशी आलीच नाही. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "आता नाही सांगत ते."

त्यानंतर दोन दिवसांनी दुसरी तार आली. गुणवंत सापडला होता. खाली आणून नदीकाठी त्याचं सगळं उरकलं होतं. मी मायला सांगायला बसलो. रडलो ते मीच. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि मी दहा वर्षांचा असल्यासारखी थोपटत राहिली. ती रडली ती नंतर, माझ्यामागे, मोरीत नळ सोडून. मला ऐकू येत होतं, पण मी आत गेलो नाही.

दामू आला तो जूनच्या मध्यावर. नाकाची कातडी सोललेली, एका हाताच्या दोन बोटांना पट्टी. गुणवंताची पिशवी घेऊन आला होता. मायच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "माय, रेडिओ झाला का रोज म्हणे तो... आता माय भाऊले म्हणत असन, लिही गा." मायनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मोहिमेची डायरी त्याच्याजवळ होती. रोज संध्याकाळी हवामान लिहायचं, असा त्यांचा नियम. मी सहज चाळायला घेतली. मग उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. सुरुवातीच्या दिवसांत रेडिओचं आणि डायरीचं कधी जुळलेलं, कधी नाही. अकराव्या दिवशी रेडिओनं उद्याची हवा चांगली सांगितलेली; डायरीत त्या उद्याच्या तारखेला वादळ होतं. मग ते पाच दिवस...

पहिला : दिवसभर बर्फ, शिखराकडून खाली वारा, तंबूतच. दुसरा : सकाळी थोडी उघाड, शोधाला निघालो, दुपारी परत फिरावं लागलं. तिसऱ्या दिवशीची ओळ दामूच्याच हातची होती. दक्षिणेकडून वारा, संध्याकाळी सगळ्या बर्फावर पिवळी धूळ.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"खालच्या मैदानातली माती असन, भाऊ. आंधी वरपर्यंत चढते कधी कधी. आम्हीही पहिल्यांदाच पाह्यली."

चौथा : वारा कमी होत गेला. पाचवा : स्वच्छ, वारा अजिबात नाही. सकाळी गुणवंत सापडला, अंधाराच्या आत बेसकॅम्पला आणला.

दामूला मी काही सांगितलं नाही. कसं सांगणार? तो गेल्यावर डायरीतून उतरवलेला कागद आणि कॅलेंडर घेऊन बसून राहिलो. माय दारातून बघत होती.

"जुळलं का गा?"

"काय, माय?"

"तू लिहिलं ते, अन् त्यानं लिहिलं ते."

"आधीचं कधी जुळलं, कधी नाही. शेवटचे पाच दिवस... सगळं जुळलं."

तिनं मान हलवली. बरं वाटल्याची नव्हे, नुसतं ऐकल्याची. मग म्हणाली, "मंग ती काच लावून टाक आता. इतके दिवस खिशात घेऊन फिरून राहिला, फुटली असती म्हंजे मांडीत घुसली असती."

माझा हात खिशाकडे गेला. व्हॉल्व्ह खरोखरच अजून माझ्या खिशात होता.

"तुले कवा समजलं?"

"तू जेवला नाही, तवाच."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुले सांगवत नव्हतं. मी कायले बोलू? लिहायले बसला का तुहा हात तरी थरथरत नव्हता, म्हणून म्हणत होती मी, लिही."

"अन् ते बर्फ, वारा, ती पिवळी माती... ते कुठून आणलं तू?"

ती खरोखरच आठवून बघत असावी. "आणलं नाही गा. बसली का समजे. पोरगं तिकडं उघड्यावर होतं ना."

त्यावर ती पुन्हा कधी काही बोलली नाही. नंतर ती आठ वर्षं जगली. गल्लीतले लोक वारा विचारायला यायचे तेव्हा 'मले नाही समजत आता' म्हणायची, आणि ते खरंच होतं. दोनदा तिनं सांगितलेलं साफ चुकलं.

मी शोधायचं तेवढं शोधलं. हवामान खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या माणसाला कॅलेंडर दाखवलं. तो म्हणाला, मे महिन्यात पहाडात बर्फ आणि वारा कुणीही सांगेल, योगायोग आहे. मी म्हटलं, पिवळी धूळ? त्यानं चहा मागवला. शेजारच्या घरातला रेडिओ कानावर पडत असेल म्हणाल, तर तेव्हा आमच्या आजूबाजूच्या चार घरांत रेडिओ नव्हता. आणि असता तरी बर्फाचा रंग कुणी रेडिओवर सांगत नाही. मला स्पष्टीकरण सापडलेलं नाही. आता या वयात सापडेल असंही वाटत नाही.

पण ज्याचं स्पष्टीकरण माझ्याजवळ आहे, तेच मला जास्त छळतं. पाच संध्याकाळी आम्ही दोघं एकाच खोलीत, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर बसलो होतो. तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. ती बंद रेडिओकडे बघत होती. मी सरकून तिच्याजवळ जाऊन बसलो नाही. मी लिहीत होतो.