वंशावळीत जावई नसतो

मी घरजावई आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात मी सांगायच्या आत दुसरं कोणीतरी सांगतंच. लग्न झालं तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, बायको एकुलती एक आणि इथल्याच शाळेत शिकवणारी, माझी सिंचन खात्यातली बाबूगिरीही याच गावात. चार महिने राहू म्हणून कटंगीच्या आमच्या घरून ट्रंक घेऊन आलो. आता पेन्शनर झालो, ट्रंक अजून त्याच पलंगाखाली आहे.

घरजावयाच्या अडचणी बाहेरच्याला कळत नाहीत. अधिक महिन्याचंच घ्या. जावयाला घरी बोलवायचं, अनारसे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. पण जो घरातच लोळत पडलाय त्याला बोलवायचं कसं? माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, यावर तोडगा काढला. मी पिशवी घेऊन घराबाहेर पडायचं, बस स्टँडवर जाऊन चहा प्यायचा आणि पाहुणा म्हणून परत यायचं. मग ते दारात उभे राहून म्हणणार, "या जवाईबापू, लय दिवसांनी आले. गाडीत जागा भेटली का?" आणि मी म्हणणार, "हौ मामाजी, भेटली." एकदा स्टँडवर ओळखीच्या कंडक्टरने विचारलं, "बाबूजी, किधर की तैयारी?" मी म्हणालो, "ससुराल." त्याने मला सासऱ्यांच्या मूळ गावाकडच्या, लामत्याच्या बसमध्ये जवळजवळ चढवलंच होतं.

मामाजी निवृत्त हेडमास्तर. पंच्याऐंशी ओलांडली तरी चूक दिसली की हात अजून खडूकडे जातो. गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्यांनी फर्मान काढलं: वरपक्ष येईल तेव्हा बैठकीत आपली वंशावळ टांगलेली पाहिजे. 'आपली' म्हणजे त्यांची. अक्षर माझं बरं, म्हणून तक्ता काढायचं काम माझ्याकडे.

त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष लामत्याजवळच्या एका खेड्यात आला तो म्हणे पांढऱ्या घोड्यावर बसून, विदर्भातून, भरल्या वैनगंगेतून. मामाजींनी हा घोडा शाळेत पोरांच्या कितीतरी पिढ्यांना शिकवला. मला तर लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवला, आणि शेवटी म्हणाले, "आमच्यात माणूस सोताच्या पायावर उभा राह्यते." घोड्यावर बसलेला माणूस स्वतःच्या पायावर कसा, हे विचारायची तेव्हा हिंमत नव्हती.

तक्त्याचा नियम त्यांनी घालून दिला. मुलगे चौकटीत. मुली नुसत्या 'कन्या', पुढे आकडा. जावई नाही. मूळपुरुषापासून उतरत उतरत मी मामाजींपर्यंत आलो आणि त्यांच्याखाली लिहिलं: कन्या १. तिथे झाड संपलं. ज्या घरात मी तीस वर्षं दळण आणलं, छप्पर शाकारलं, ज्या म्हाताऱ्याच्या पायांची नखं दर महिन्याला कापली, त्या घराच्या झाडावर मी नव्हतो आणि ज्या मुलीच्या लग्नासाठी हा खटाटोप, तीही नव्हती. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. मला त्या 'कन्या १'च्या शेजारी एक चौकट हवी होती, लहान असती तरी चाललं असतं. पण मागायची कशी? मी नाक वर करून रेघा ओढत राहिलो.

मग मामाजींना वाटलं, मूळपुरुषाच्या नावापुढे सरकारी पुरावा हवा. म्हणून मी जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊ लागलो. अर्ज, कोर्ट फीचं तिकीट, "कल आइए", हे सगळं मी जन्मभर दुसऱ्यांना करायला लावलं होतं, आता माझ्यावर आलं. पाचव्या खेपेला लाल कापडात बांधलेला बस्ता टेबलावर आला. इंग्रजांच्या काळातल्या बंदोबस्ताचे, म्हणजे जमीनमोजणी आणि साराआकारणीचे कागद. धुळीने मी इतका शिंकलो की शेजारचे वकील उठून गेले.

नाव सापडलं. गाव तेच, आणि पुढच्या बंदोबस्तात मुलांची नावंही आमच्या तक्त्यातलीच. पण बापाच्या नावाच्या रकान्यात बापाचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं 'दामाद', आणि पुढे त्या खेड्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं नाव. शेवटच्या कैफियतीच्या, म्हणजे शेऱ्याच्या रकान्यात एकच ओळ: शादी करके ससुर के घर रहता है, जमीन लड़की के नाम.

मी ती ओळ तीनदा वाचली. मूळपुरुष घरजावई! घोड्याबद्दल मी काही म्हणत नाही, सरकारी कागदात घोड्याला रकानाच नसतो. पण बाकी सगळं तिथे शाईने लिहिलेलं होतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. नकलेचा अर्ज टाकला, बाहेर येऊन दोन प्लेट आलूबोंडे खाल्ले आणि नक्कल हातात पडेपर्यंतचे आठ दिवस घरात कोणाला काही न बोलता काढले. बायकोने दोनदा विचारलं, "एकटेच काहून हसून राह्यले?"

नक्कल आली त्या दुपारी जेवताना मी ती मामाजींच्या ताटाशेजारी ठेवली. त्यांनी भिंग लावून वाचली. "हा दुसरा कोणी असंन," म्हणाले. मी पुढच्या बंदोबस्ताचा कागद ठेवला. त्यांनी तोही वाचला. मग मी इतके दिवस घोकलेलं वाक्य बोललो, "मामाजी, तुमच्या नियमानं तं झाड मुळापासूनच कापा लागंन."

ते भात अर्धा टाकून उठले. दोन दिवस पेपर मोठ्याने वाचला नाही, मी केलेल्या चहात साखर जास्त आहे असंही म्हणाले नाहीत. बायको माझ्यावर तापली. "बाबापाशी एक घोडा होता, तो बी तुम्ही नेला. काय भेटलं तुमाले?" मला काहीच मिळालं नव्हतं. जिंकलो होतो, आणि तोंड लपवायला जागा शोधत होतो.

तिसऱ्या दिवशी मामाजींनी हाक मारली. "अजून एक काम करा. याच्या बापाचं नाव शोधून आणा. बिनबापाचा माणूस भिंतीवर कसा टांगायचा?"

मी पश्चात्तापाने पुन्हा निघालो. या वेळी मन लावून शोधलं. नंतरच्या जमाबंदीत पाहिलं, दामाद. मुलांच्या नावे जमीन चढली त्या कागदात पाहिलं, त्याच्या बापाचं नाव तिथेही नाही, दामाद. गावात कोणी मेलं की कोटवार, म्हणजे गावचा राखणदार, लिहून ठेवायचा, त्या रजिस्टरात त्याच्या मरणाची ओळ सापडली. तोवर सासरा जाऊन जमाना झाला असणार, तरी कोटवाराने त्याच मेलेल्या सासऱ्याचं नाव घालून लिहिलं, दामाद. माणूस तरुणपणी आला, लग्न केलं, रान तोडून शेत केलं, म्हातारा झाला, मेला. कोणीही, एकदाही, त्याला विचारलं नाही की बाबा, तू कोणाचा?

घरी येऊन हे सांगितलं. मामाजी खुर्चीत बसून ऐकत होते.

"याले बाप तं असंनच ना?" ते म्हणाले.

"असणारच."

"मंग गेला कुठं?"

त्यांनी नकलांची चळत सारखी केली. मग उठले, कपाटावरून तक्त्याची गुंडाळी काढायला लावली, टेबलावर पसरली आणि चार कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. पेन्सिलीला टोक काढलं. मूळपुरुषाच्या शेजारी एक चौकट ओढून त्यात त्याच्या बायकोचं नाव लिहिलं, ते त्याच कागदांत सापडलं होतं. 'कन्या १' खोडून माझ्या बायकोचं नाव लिहिलं, तिच्या खाली नातीचं. मग पट्टी न घेता बायकोशेजारी एक चौकट ओढली आणि त्यात माझं नाव लिहिलं.

मी काहीतरी बोलणार होतो, पण हेडमास्तरांचं काम संपलं नव्हतं. माझ्या चौकटीच्या वर त्यांनी आणखी एक चौकट ओढली, तिच्यावर एक, तिच्याही वर एक.

"बापाचं नाव मले माहीत हाय," म्हणत त्यांनी ते लिहिलं. "आज्याचं सांगा."

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं.

"आज्याच्या बापाचं?"

मी खाली तक्त्याकडे बघू लागलो. मामाजींची सहा पिढ्यांची नावं मला तोंडपाठ होती, मधल्या निपुत्रिक काकांसकट. माझ्या आजोबांच्या वडिलांचं नाव मला माहीत नव्हतं. ते लहानपणी कधी कानावर आलं होतं का, हेही आठवेना. बायको दारात उभी होती, तीही खाली बघू लागली.

मामाजी रागावले नाहीत. त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली.

"उद्या सकायच्या बसनं कटंगीले जा," ते म्हणाले. "तुमच्या मोठ्या भावाले विचारा. त्याले नसंन माहीत तं गावात फिरा, जो म्हातारा दिसंन त्याले विचारा. जिवंत हाय तवरक विचारून घ्या, जवाई. नाही तं इथं लोकं नुसतं दामाद लिहितेत."