पाठ केलेलं स्वमत

आमच्या उमरग्यात पोरं स्वमत पाठ करतात. हसू नका, खरं सांगायलोय.

मराठीच्या पेपरात एक उतारा येतो, कुठल्यातरी गोष्टीतला. खाली प्रश्न. शेवटी स्वमत. म्हंजी तुला काय वाटतं ते तू लिही. सोपं हाय का न्हाय? पण तुला काय वाटतं ते सर फळ्यावर लिहून देतात. पोरं उतरवून घेतात आणि घरी येऊन ‘माझ्या मते, माझ्या मते’ करत घोकतात. अख्ख्या वर्गाचं मत एक. एवढी एकी आमच्या गल्लीत गणपतीला पण होत न्हाय.

मी दिवसा हायवेवरच्या दुकानात मोबाइलला ग्लास बसवतो. संध्याकाळी गल्लीतली पोरं माझ्या ताईच्या ओट्यावर गोळा होतात. आधी शिकायला न्हाय, नकला बघायला यायची. कंडक्टर, भांडीवाली बाई, लग्नात रुसलेले जावईबापू, मी कुणालाच सोडत न्हाय. एकदा ताई म्हणाली, “नुसते माकडचाळे करायलास. त्यांचा अभ्यास तरी घे.” घेतला. आणि पहिल्याच दिवशी डोकं फिरलं.

एका पोराला उतारा दिला. त्यानं तो वाचलाच न्हाय. प्रश्नातला शब्द धरला, उताऱ्यात बोट फिरवून हुडकला, मागच्या पूर्णविरामापासून पुढच्या पूर्णविरामापर्यंत ओळ उतरवली. झालं उत्तर. मी विचारलं, “गोष्टीत काय झालं रे?”

तो म्हणाला, “कितव्या प्रश्नात?”

मग मी नकलाच कामाला लावल्या. गोष्टीतली सासू आली की पदर घेऊन सासू व्हायचो, सावकार आला की पोट पुढं काढायचो. मग विचारायचो, ही बाई तोंडानं ‘बस की’ म्हणायली, पण हात कुठं हाय तिचा? दाराच्या कडीवर. म्हंजी काय? पोरं ओरडायची, “म्हंजी ऊठ आणि जा!” उताऱ्यात तसं कुठंच लिहिलेलं न्हाय, पण समद्यांना कळायचं.

सगळ्यात लवकर कळायचं ते नववीतल्या एका पोरीला. तिच्या घरात कानडी बोलतात, मराठी फक्त शाळेत. बोलताना अडखळायची, म्हणून वर्गात तिला समदे हसायचे. पण गोष्टीतलं माणूस काय लपवायलंय ते ती बरोबर धरायची. तिच्या अव्वाचं, म्हंजी आईचं, मात्र ठरलेलं होतं. नववीत नापास झाली की शाळा बंद, आणि पल्याड कर्नाटकात मावशीकडं शिलाईला रवानगी. पोरीला दहावीला जायचं होतं. बास, एवढंच.

निकाल लागला. बाकी समद्या विषयांत पास, मराठीत थोडक्या मार्कांनी नापास.

मी, ती आणि तिची अव्वा शाळेत गेलो. मराठीचे हेच सर मला पण होते. मला बघून म्हणाले, “या नकलाकार! आज कुणाची करणार?”

“आज न्हाय सर. हिचा पेपर बघायचाय.”

त्यांनी काढून दिला. उतारा असा होता: पोरगा लई वर्षांनी शहरातून गावी येतो. बाप चहा देतो. दोघं जास्त काही बोलत न्हाईत. बाप उठतो, दारातली बांधलेली शेळी परत बांधतो आणि पोराकडं पाठ करूनच म्हणतो, “नीघ आता, एस्टी चुकंल.” प्रश्न होता, बाप मुलाला लवकर नीघ का म्हणाला? पोरीनं लिहिलं होतं, ‘बापाला रडू येत होते. ते मुलाला दिसू नये म्हणून.’ वर लाल फुली. खाली स्वमत: तुम्ही त्या मुलाच्या जागी असता तर काय केले असते? तिनं लिहिलं होतं, ‘मी ती एस्टी चुकवली असती.’ त्याच्यावर भला मोठा भोपळा.

मी दोनदा वाचलं.

“सर, ह्याला शून्य?”

“मग काय आरती करू? एस्टी चुकू नये म्हणून, हे उत्तर. सरळ दिलंय उताऱ्यात. रडणं कुठाय? दाखव बोट ठेवून.”

“आणि स्वमत?”

“स्वमत मी लिहून दिलं होतं की! ‘मी माझ्या वडिलांची सेवा केली असती व त्यांना आनंदात ठेवले असते.’ सगळ्यांनी लिहिलं, हिलाच काय झालं?”

मग मला राहवलं न्हाय. तिथंच, शिक्षकांच्या खोलीत, मी बाप झालो. टेबलाच्या पायाला शेळी आहे असं धरून दावं सोडलं, परत बांधलं, गाठ वढून बघितली, परत वढली. सरांकडं पाठ केली आणि बारीक आवाजात म्हणालो, “नीघ आता, एस्टी चुकंल.” दोन मॅडम डबा खायच्या थांबल्या.

मी वळून विचारलं, “शेळी तर बांधलेलीच होती, सर. मग परत कशाला बांधली?”

सर हसले. “भारी करतोस. पण नकलांना मार्क नसतात.”

“नकलांना मागतच न्हाय! पोरीच्या डोक्याला मागायलोय!”

माझा आवाज चढला. तसा अव्वानं माझा दंड धरला. “भाऊ, त्यो बाप रडूदे न्हायतर हसूदे. पोरगी पास व्हती का तेवढं इचारा.”

सरांनी चष्मा काढला. खरं सांगतो, ते वाईट न्हाईत. म्हणाले, “हे बघ, पुढल्या साली हिचा पेपर बोर्डात जाणार. तिथं कोण बसलाय तुझी शेळी बघायला? त्याच्यापुढं गठ्ठा असतो, आणि हातात ठरलेलं उत्तर. मी हिला आत्ताच सवय लावायलोय. फेरपरीक्षेला हाच उतारा टाकतो. पण मी सांगतो तेच लिहायचं.”

वैरी असता तर भांडलो असतो. हा माणूस मदत करायला म्हणून तिची अक्कल कापायलाय, आणि वर अव्वा त्याच्या पाया पडायली.

परत येताना मी रस्ताभर बडबडत होतो. सरांचा आवाज काढून ‘आनंदात ठेवले असते’ म्हणायचो आणि दगडाला लाथ घालायचो. पोरगी म्हणाली, “दादा, तुमी चिडू नका. मी सरांचं लिहिते. मला दहावीला जायचंय.”

लिहिलं तिनं. अक्षर पण झकास काढलं. पास झाली, पैकीच्या पैकी त्या उताऱ्याला. सरांनी वर्गात उभं करून शाबासकी दिली म्हणे. अव्वानं गल्लीत पेढे वाटले. मी पण खाल्ला. काय करणार, तोंडासमोर धरला होता.

आता ती दहावीत हाय, ओट्यावर अजून येते. परवा नवीन उतारा घेतला. गोष्टीतला म्हातारा सुनेनं वाढलेल्या टोपल्यातल्या शेवटच्या भाकरीला ‘लई झाली’ म्हणतो आणि ताट सरकवतो. मी विचारलं, “का सरकवलं त्यानं?”

पोरीनं लगेच हात वर केला. “दादा, कोणचं सांगू? पेपरातलं का खरं?”

बाकीची पोरं खदाखदा हसली. मला हसू आलं न्हाय.

“आधी खरं सांग,” म्हणालो.

तिनं सांगितलं. एकदम बरोबर. पाचवीतलं एक पोरगं तेच वहीत लिहून घ्यायलं, तर तिनं त्याच्या हातातली पेन्सिल धरली.

“लिहू नको रे,” ती म्हणाली. “हे नुसतं ऐकायचं.”