पासष्टावं पान

छापखान्यातून तपासायला आलेली मुद्रितं गुरुजी उलटी वाचत. पानाच्या तळाची ओळ आधी, मग तिच्या वरची, असं करत माथ्यापर्यंत. ओळीखाली लाकडी पट्टी. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "सरळ वाचलं की मानूस गोष्टीत गुततो. डोळं पुढं पळत्यात, चूक मागं राहती."

ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, कवठे महांकाळकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीतले. सांगलीत आमच्या शेजारी मुलाकडे राहायला आले होते. मी एका कचेरीत आकडेमोडीचं काम करायचो, म्हणून मला ते 'हिशेबनीस' म्हणत. सहासष्टच्या उन्हाळ्यात त्यांनी वस्तीतल्या माणसांवरचं आपलं पुस्तक स्वतःच छापायला काढलं. ते छापील ओळ मोठ्यानं वाचत, मी हस्तलिखिताशी ताडून बघे.

पुस्तकात माणशी एक पान. छापण्याआधी ज्याचं पान त्याला, तो हयात नसेल तर त्याच्या घरच्यांना, वाचून दाखवायचं हा गुरुजींचा नियम. दोन रविवार मीही बरोबर गेलो. एका म्हातारीनं नवऱ्याचं पान ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आवं गुरुजी, दारू पीत हुता त्ये लिवलंसा. सोडली हुती, त्ये कुटं हाय?"

"कवा सोडली?"

"मरायच्या आदी तीन वर्सं."

"तीन का चार?"

"तीनच. मेलेल्या मानसाचं वाडवून कशाला सांगू?"

गुरुजींनी तिथंच उंबऱ्यावर बसून ती ओळ घातली.

एकच पान त्यांनी कुठल्याही घरी वाचलं नाही. ठकू नावाच्या मुलीचं. धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन ती ओढा ओलांडायची आणि त्याची शाळा सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसायची. चौदाव्या वर्षी, एक दिवस त्याला पलीकडे पोचवून न थांबता एकटी परतताना, लोंढ्यात गेली. भावाचं नाव पानात नव्हतं. हे कुणाला ऐकवायचं, असं मी विचारलं. "तिचं घरच उरलं न्हाई हितं," एवढंच म्हणाले.

शेवटचं मुद्रित आलं तेव्हा छापखान्याच्या मालकांनी सांगितलं, कागद चार फर्म्यांपुरताच आहे. एका फर्म्यात सोळा पानं, म्हणजे एकूण चौसष्ट. आमची पासष्ट भरत होती. मी यादी समोर घेतली आणि दहा मिनिटांत उत्तर काढलं.

"गुरुजी, ठकूचं पान काढू. तिच्यामागं कुणी नाही. कुणाची तक्रार येणार नाही."

गुरुजींनी ठकूच्या पानाचा कागद गठ्ठ्यातून बाजूला काढला.

"व्हय," म्हणाले, "तक्रार न्हाई येनार." मग कागदाची घडी करून खिशात ठेवली. अडचण सुटली म्हणून मी खुशीत होतो.

पुस्तक निघालं. दोनशे प्रती. वस्तीत घरोघर ते स्वतः जाऊन देऊन आले. मला प्रत देताना म्हणाले, "हिशेबनीस, चूक घावली तर सांगा." मी दोनदा वाचून काढलं. एकही चूक नाही, असं त्यांना अभिमानानं कळवलं. ते नुसते हसले.

दोन वर्षांनी गुरुजी गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीला मी वस्तीत गेलो तेव्हा त्याच म्हातारीनं फळीवरून पुस्तक काढून दाखवलं. चाळता चाळता मी मागच्या पुठ्ठ्यापर्यंत आलो. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, बारीक अक्षरात, गुरुजींच्या हातचं ठकूचं अख्खं पान होतं.

"समद्यांच्यात हाय," म्हातारी म्हणाली. "थोरली भन गुरुजींची. त्येंच्या साळंपायीच गेली पोर. तुमच्यात न्हाई व्हय?"

मी आणखी सात घरं फिरलो. सातही प्रतींत होतं. घरी येऊन माझी प्रत उघडली. पुठ्ठ्याची आतली बाजू कोरी होती.

मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी ती कोरी ठेवली, की मला कधीतरी कळावं म्हणून, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मजकुराची नक्कल मी म्हातारीच्या प्रतीवरून उतरवून आणली होती. ती त्याच प्रतीत घडी करून ठेवली आहे. पुठ्ठ्यावर लिहायला कितीदा तरी बसलो, पण हात धजत नाही. ती जागा गुरुजींनी मोकळी सोडली होती. भरण्याची परवानगी आता कुणाकडे मागायची?