लाल दोऱ्याची बंदूक

नुसरत आचाऱ्याच्या डाव्या हाताला दोनच बोटं आहेत. तरी झारा धरून तो चारशे माणसांचा ओश, म्हणजे आमचा मांसाचा पुलाव, एकटा शिजवतो. लग्न असो की मयत, आमच्या वख्श नदीच्या खोऱ्यात त्याची कढई चुलीवर चढल्याशिवाय कुणाला जेवल्यासारखं वाटत नाही. बोटं हैतबायने उडवली, हे पोरंसोरंही सांगतील. पुढचं फक्त नुसरतला आणि मला ठाऊक, असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो. मी सरकारी शेतावरचा ट्रॅक्टर मेकॅनिक. स्वतःला फार शहाणा समजायचो.

हा हैतबाय कापूस गिरणीच्या काट्यावर बसून आम्हाला लुबाडायचा. ब्याण्णव साली आपापसातली लढाई पेटली आणि तो कमांडर झाला. डिसेंबरच्या एकाच आठवड्यात त्याने चक्कीवाल्याला त्याच्या दारात गोळी घातली आणि पोस्टमनला विजेच्या खांबाला टांगलं. मग एका सकाळी तो लॉरी घेऊन नुसरतच्या अंगणात आला. लॉरीत लष्कराच्या गोदामातल्या चाळीस जुन्या बंदुका होत्या. मेणकागदात गुंडाळलेल्या, आणि वर काकवीसारखं दाट, पिवळं ग्रीस बोटबोटभर थापलेलं.

"उस्ताद, कढई काढ," हैतबाय म्हणाला.

"लग्न कुणाचं?"

"कालव्यापलीकडच्यांचं. उद्या पहाटे. संध्याकाळच्या आत चाळीसही धुऊन पाहिजेत. हा मेकॅनिक घे मदतीला, नाहीतरी फुकटच खातोय."

कालव्यापलीकडे नुसरतची मुलगी झेबो दिली होती. तिच्या मांडीवर दोन महिन्यांचं बाळ होतं. हैतबायची माणसं एखाद्या गावात शिरली की मागे काय उरतं, ते आम्ही पाहिलं होतं. विहिरीतून बायका काढल्या होत्या आम्ही.

आम्ही कढईत पाणी उकळलं, धुण्याचा सोडा टाकला आणि खाली कापसाच्या वाळक्या पळाट्या सारत राहिलो. बंदूक बुडवली की ग्रीस सुटून वर तवंग यायचा. ज्या कढईत गावाने सोयरिकी साजऱ्या केल्या, तिच्यात तो घाणेरडा लगदा तरंगत होता. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून ठोकणारे लोखंडी दांडे, आधीच काढून आम्ही बाजूला रचले होते. हैतबायची माणसं लांब उन्हात बिया फोडत बसली होती.

"मेकॅनिक," नुसरत हळूच म्हणाला, "थंडीत सकाळी तुझा ट्रॅक्टर का अडतो रे?"

"ग्रीस गोठतं म्हणून."

तो त्या बोल्टच्या ढिगाकडे बघत राहिला. मी त्याचा दंड धरला. "वेडा झालास? कातडी सोलतील आपली!"

"झेबो पलीकडे आहे," तो एवढंच म्हणाला.

मग आम्ही नळ्या आरशासारख्या लखलखीत केल्या. बोल्ट मात्र वरवर पुसून परत बसवले. आत, काडतुसाला ठोकणाऱ्या टोचणीभोवती, ग्रीस होतं तसंच ठेवलं. एकच बोल्ट नुसरतने पुरता उघडून उकळला, आणि त्या बंदुकीच्या पट्ट्याला लाल दोरा बांधला. ती शोदीसाठी होती. शोदी म्हणजे त्याच्या विधवा बहिणीचा, सावरीचा, एकुलता एक मुलगा. एकोणीस वर्षांचा. हैतबायने सगळ्या तरण्या पोरांना उद्याच्या कामाला जुंपलं होतं.

"एकट्याचीच चालली तर त्याचा जीव तरी वाचेल," नुसरत म्हणाला.

दुपारी हैतबाय आला. एका नळीत डोळा घालून बघितलं, खूश झाला. मग म्हणाला, "एक उडवून बघू. दे कुठलीही."

नुसरतचा हात दोनदा पुढे गेला, दोनदा मागे आला. कुठलीही दिली आणि ती नुसती टकटक वाजली, तर सगळंच संपलं. त्याने लाल दोऱ्याची दिली.

"मनापासून धुतलीस ना?"

"हो."

"मग हात वर धर. ज्याने धुतली त्यानेच साक्ष द्यावी."

हैतबायच्या दोन माणसांनी नुसरतचं मनगट अंगणातल्या खांबाला दाबून धरलं. धाडकन आवाज झाला. तीन बोटं गेली. एक तर कढईतच पडलं आणि त्या तवंगात गटांगळी खाऊन तळाला गेलं. नुसरत गुरासारखा ओरडला. हैतबाय हसला. "उत्तम चालते," म्हणाला आणि ती बंदूक स्वतःच्याच खांद्याला अडकवून गेला. त्या माणसाला मी आजही शिव्या देतो, आणि देताना लाजत नाही.

शोदी धावत आला. आपला सदरा फाडून मामाचा हात बांधायला लागला. पोराचे डोळे भरले होते.

"मामा, झेबोताईची काळजी करू नका. मी सगळ्यांच्या पुढे पळेन. तिच्या दारात मी उभा राहिलो की कोण आत जातो बघू."

"जाऊ नकोस," नुसरत पुटपुटला.

"नाही गेलो तर अम्माला टांगतील."

नुसरत माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर शब्द आलेले मला दिसत होते. पोर तोंडाचं फाटकं, मित्रांत बोलणार, आणि हैतबायची माणसं चार पावलांवर. नुसरतने डोळे मिटले. ढिगातली वरची बंदूक उचलून मीच शोदीच्या हातात दिली.

पहाटे कालव्याचं पाणीसुद्धा कडेने गोठलं होतं. आमची माणसं पलीकडे चढली, घोडे दाबले आणि नुसती टकटक झाली. एकट्या हैतबायची बंदूक वाजली. पाच गोळ्यांत त्याने दोन माणसं पाडली. सहावं काडतूस भरेपर्यंत पलीकडचे कुदळी घेऊन अंगावर आले होते. त्यांनी हैतबायचं डोकं फोडलं आणि त्याच्या मागच्या अकरा जणांचीही तीच गत केली. शोदी सगळ्यांच्या पुढे होता. झेबोच्या दारापासून वीस पावलांवर त्याला तोडलं. झेबो वाचली, बाळ वाचलं.

दुपारी प्रेतं मिळाली. शोदीची उजवी मूठ आवळलेली होती. ती मूठ सावरीने घरात एकटीने उघडली. आम्ही बाहेर होतो.

त्यानंतर नुसरतने वाळूने घासघासून कढई चकचकीत केली आणि दर वर्षी शोदीच्या नावाने ओश घातला. सावरी यायची, ताट पुढे घेऊन बसायची, घास मात्र घ्यायची नाही. आम्ही म्हणायचो, आईचं काळीज.

गेल्या डिसेंबरात जेवणं आटोपल्यावर ती चुलीपाशी आली. पदरातून एक फडकं काढलं आणि नुसरतपुढे उलगडलं. आत बंदुकीचा बोल्ट होता. आपली बंदूक का चालत नाही हे बघायला पोराने मरता मरता तो उपसला असणार. आतलं ग्रीस अजून पिवळंच होतं.

"दादा, हा धुवायचा राहिला होता," ती म्हणाली.

नुसरत उठला. त्याने कढई रिकामी केली, पाणी चढवलं, सोडा टाकला. दोन बोटांनी बोल्ट उघडला, उकळला, काडीला चिंधी लावून आतून बाहेरून पुसला. त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. मी पळाट्या सारत होतो आणि मला मान वर करता येत नव्हती.

सावरीने बोल्ट उजेडात धरून आरपार बघितला.

"एवढंच होतं तर काम," ती म्हणाली. फडक्यात बांधून तो घेऊन गेली. तिचं ताट भरलेलं तसंच राहिलं.