कारलं कोण आहे

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याने न मागता थोडं जास्त दूध घातलं, तर मी पातेल्यात वाकून बघते. त्यामुळे मानसशास्त्रातल्या पीएच.डी.साठी विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीची परवानगी काढायची वेळ आली, तेव्हा तिथला प्रत्येक जण मला आडवा येण्यासाठीच बसलाय असं वाटलं.

माझा विषयही नाजूक होता. ड्युटीवर चूक झाली की नर्स ती कुणाला सांगते का, आणि मनात ठेवली तर तिचं पुढे काय होतं. रामदासपेठेतल्या एका खासगी हॉस्पिटलमधल्या बारा जणी बोलायला तयार होत्या. बोललेलं हॉस्पिटलच्या कानावर जाऊ नये, एवढीच त्यांची अट. गेलं असतं तर नोकरीच गेली असती.

हॉस्पिटलचं परवानगीपत्र माझ्या दिराने आणून दिलं. तो तिथल्याच ऑफिसात आहे आणि नंदनवन भागात आम्ही एकाच घरात राहतो. कमिटीच्या फॉर्मवर शेवटी एक प्रश्न होता : संशोधकाच्या नातेवाइकांपैकी कुणाचा त्या संस्थेशी संबंध आहे का? मी 'नाही' लिहिलं. घरच्या माणसाने एक कागद आणला, त्याला काय संबंध म्हणायचं, अशी मी माझी समजूत घातली.

कमिटीत डॉक्टर, वकील, प्राध्यापक होते आणि नियमाप्रमाणे बाहेरची एक सामान्य व्यक्तीही होती : पोस्टातून रिटायर झालेल्या एक बाई. बाकीचे पानं उलटत होते. या बाई ओळीवर बोट धरून वाचत होत्या.

"नावाची यादी कोठी ठेवसान?" त्यांनी विचारलं.

"घरी. कपाटात, कुलूप लावून."

"अन् घरी कोन कोन राह्यते?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. हिला माझ्या घराशी काय करायचंय? ही नक्कीच हॉस्पिटलवाल्यांची माणूस. "घरचीच माणसं," मी तुटकपणे म्हटलं.

"मंग नावं लिहूच नका. सही बी नका घेऊ. तोंडी हो म्हनलं तं पुरे."

प्रत्येकीशी मी दोनदा बोलणार होते. नावाशिवाय पहिल्या मुलाखतीला दुसरी जोडायची कशी, म्हणून मी वाद घातला. बाई शांतपणे म्हणाल्या, "त्याईलेच एकेक खुणेचं नाव निवडू द्या ना."

अध्यक्षांनी मान डोलावली आणि माझा फॉर्म दुरुस्तीसाठी परत आला. महिना वाया गेला. या सगळ्यात कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी माझ्या गाईडना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी दुरुस्ती कर."

दुरुस्ती केली, परवानगी मिळाली. खुणेच्या नावाचं सांगितलं तेव्हा पहिली नर्स डबा उघडत होती. "मंग मी कारलं," ती म्हणाली. "डब्यात रोज तेच राह्यते." तिचं ऐकून पुढच्या वांगं झाल्या, दोडकं झाल्या, एक तर सांभार, म्हणजे कोथिंबीर, झाली. हसून सुरुवात केलेल्या कारल्याला शेवटी रडू आवरेना. तिने एकदा चुकीच्या पेशंटला सलाईन लावलं होतं. लगेच काढलं, पेशंटला काही झालं नाही, पण तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ते मी लिहून घेतलं, वर 'कारलं' असं लिहिलं आणि कागद कपाटात ठेवले.

आठवडाभराने आम्ही जेवत होतो. दिराने भात कालवता कालवता विचारलं, "वहिनी, हे कारलं कोन आहे?"

माझा घास हातातच राहिला. कपाटाची चावी मी देव्हाऱ्याच्या खणात ठेवत असे आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"काहून विचारून राहिले?"

"सहज. आमचे साहेब विचारत होते, वहिनीचं काम कुठवर आलं म्हनून."

"मला नाही माहीत," मी म्हटलं. सासूबाईंनी त्याला वरण वाढलं आणि तो पुन्हा जेवायला लागला. कारल्याचं खरं नाव त्या कपाटात असतं, तर त्याने मला विचारलंच नसतं.

त्या बाईंवर मी महिनाभर संशय घेतला होता. दिरावर एक दिवसही नाही.

सकाळी सगळे कागद पिशवीत घालून मी कमिटीच्या ऑफिसात गेले. उत्तर बदललं तर संशोधन कदाचित थांबेल, असं क्लार्कने आधीच सांगितलं. मी नवा फॉर्म मागितला आणि शेवटच्या प्रश्नापुढे लिहिलं : आहे. सख्खा दीर. एकाच घरात.